‘तुम्ही आलात’ : एका नॉन-बायनरी व्यक्तीच्या मनोविश्लेषणात्मक उपचाराचं प्रकरण

हे काम पणजीत जून २०२२ ते ऑक्टोबर २०२४ या काळात झालं. आठवड्यातून दोन सत्रं, सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी, प्रत्येकी ५० मिनिटं, एकूण १८८ सत्रं. उपचारक भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत. त्यांचं मनोविश्लेषणाचं प्रशिक्षण झालेलं आहे आणि या प्रकरणासाठी त्या दर आठवड्याला सुपरव्हिजन (अनुभवी उपचारकांबरोबर प्रकरणाची चर्चा) घेत होत्या. किरण हे नाव बदललेलं आहे, ओळख पटेल असे इतर तपशीलही बदलले आहेत, आणि लिहायला किरण यांची लेखी संमती आहे. लेखात त्यांच्यासाठी आदरार्थी अनेकवचन वापरलं आहे. ते त्यांनीच सुचवलं.

पार्श्वभूमी

किरण पहिल्यांदा आले तेव्हा २४ वर्षांचे होते. घर डिचोली तालुक्यातल्या खाणपट्ट्यात. घरात बोलणं कोकणी, पण शाळा मराठी, वर्तमानपत्र मराठी, आजीचा हरिपाठ मराठी. गोव्यातल्या कितीतरी घरांत असते तशीच ही विभागणी. जन्मनोंदीवर मुलगी. मोठा भाऊ बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ-नऊ महिने बाहेर. आई आणि आजी घरी. किरण स्वतः वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये. सकाळी सहाला घर सोडायचं, पणजीला बस बदलायची, परतायला रात्रीचे साडेसात.

वडिलांचा खनिज वाहून नेणारा ट्रक होता. खाणीवरून सारमानसच्या जेटीपर्यंत दिवसाला चार-पाच फेऱ्या व्हायच्या. लहानपणी सुट्टीत किरण केबिनमध्ये बसून जायचे आणि वडील जेटीवर ओळख करून द्यायचे, ‘हा माझा क्लीनर.’ सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या. ट्रक अंगणात उभा राहिला, बँकेचे हप्ते थकले. किरण तेव्हा १४ वर्षांचे होते. वडील २०१९ मध्ये गेले.

‘नॉन-बायनरी’, म्हणजे फक्त बाई किंवा फक्त पुरुष या चौकटीत न बसणारी व्यक्ती, हा शब्द किरण यांना कॉलेजात असताना इंटरनेटवर सापडला. तो आपला आहे याबद्दल त्यांना शंका नव्हती. पहिल्याच भेटीत त्यांनी सांगितलं, ‘मला काय वाटतं ते मला माहीत आहे. ते बोलायला तोंड उघडलं की अडतं.’

समस्या

तक्रारी चार होत्या. झोप रात्री साडेतीन-चार तासच. बसमध्ये छाती आवळल्यासारखी होऊन श्वास अडकायचा, आठवड्यातून तीन-चार वेळा. महिन्यातून एक-दोनदा दंडावर स्वतःला इजा करणं. त्यात जीव द्यायचा इरादा नव्हता, पण प्रमाण वाढत होतं. आणि कामावर जायची धास्ती. पीएचक्यू-९ या नैराश्य मोजणाऱ्या प्रश्नावलीवर गुण १७, म्हणजे बऱ्यापैकी तीव्र नैराश्य.

कामाच्या धास्तीला एक ठरलेली जागा होती, चेंज रूम. औषध कंपनीत आत जायचं तर बाहेरचे कपडे काढून कंपनीचा पोशाख, टोपी, पादत्राणं घालावी लागतात. पुरुषांची खोली वेगळी, बायकांची वेगळी. जेवायला बाहेर पडलं की पुन्हा तेच, चहाला पुन्हा तेच. म्हणजे दिवसातून सहा ते आठ वेळा किरण ‘महिला’ अशी पाटी असलेल्या दारातून जायचे आणि इतरांसमोर कपडे बदलायचे. चहा त्यांनी वर्षभरापूर्वीच सोडला होता. पाणी कमी पीत होते. लघवीच्या जागी जंतुसंसर्ग दोनदा होऊन गेला होता. ही माहिती चौथ्या सत्रात, जाता जाता, दाराशी उभं राहून सांगितली गेली.

त्याच आठवड्यात भावाचा बोटीवरून फोन आला: ‘मॅडम, ती बरी होईल ना? फी मी भरतो, तुम्ही मला महिन्याला कळवत चला.’

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय, मानसोपचारतज्ज्ञांकडून औषध आणि तेवढंच. दुसरा, १२ ते १६ सत्रांचा आखीव उपचार: झोप, भीती, स्वतःला इजा करण्याच्या ऊर्मी यांवर थेट काम, आणि जोडीला समवयस्कांचा आधारगट. तिसरा, दीर्घ मुदतीचं मनोविश्लेषणात्मक काम, म्हणजे आठवणी, स्वप्नं, बोलण्यातलं अडणं यांचा अर्थ रुग्णाबरोबर शोधत जाणं.

दुसऱ्या पर्यायात काहीच चूक नव्हती आणि अनेकांसाठी तोच योग्य ठरतो. पण किरण यांनी आधी दुसरीकडे आठ सत्रं घेतली होती. त्यात श्वासाचे व्यायाम शिकले, ते उपयोगीही पडले, पण बोलताना अडणं तसंच राहिलं. या अडण्याकडेच कान देणारं काम हवं, असं उपचारकांना वाटलं. औषधाचा निर्णय वेगळा घेतला गेला. मानसोपचारतज्ज्ञांनी नऊ महिने औषध दिलं आणि त्याने झोप पाच-साडेपाच तासांवर आली. बोलणं चालू राहायला त्याचा मोठा हात होता.

मनोविश्लेषण निवडताना एक गोष्ट डोळ्याआड करता येत नव्हती. या शाखेने कित्येक दशकं समलिंगी आणि ट्रान्स माणसांना ‘विकासात अडकलेले’ ठरवलं. अमेरिकन सायकोअॅनालिटिक असोसिएशनने जून २०१९ मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही आजारांची वर्गवारी जानेवारी २०२२ पासून लागू झाली आणि तिच्यात लिंगभावाची विसंगती (जन्मनोंदीचं लिंग आणि स्वतःला वाटणारं लिंग न जुळणं) मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली गेली. भारतात मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ‘बदलण्याच्या’ उपचारांवर बंदीचे निर्देश दिले, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन असं जाहीर केलं. आता उघडपणे ‘बदलतो’ असं कुणी म्हणत नाही. धोका असतो तो सभ्य रूपातल्या बदलाचा: ‘हे असं का झालं ते समजून घेऊ या,’ असं म्हणत माणसाच्या ओळखीचं कारण शोधायचं, आणि कारण सापडलं की ओळख आपोआप विरघळेल अशी मनात वाट पाहायची. या प्रकरणातला सगळ्यात अवघड निर्णय याच जागी उभा राहिला. तो पुढे येईल.

चौकट अशी ठरली. फी किरण स्वतः भरतील. नेहमीची १५०० रुपये होती, ती ६०० वर आणली. भावाला वा आईला कोणताही अहवाल जाणार नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ नुसार गोपनीयता हा रुग्णाचा हक्कच आहे, हे भावाला फोनवर, किरण यांच्यासमोर, स्पीकर लावून सांगितलं. जिवाला धोका दिसला तरच आईला फोन, आणि तोही किरण यांना सांगून. आईसाठी वेगळ्या सहकारी समुपदेशकांच्या सहा भेटी ठरल्या.

क्रियापदं

उपचारकांच्या टिपणांत तिसऱ्या सत्रापासून एक नोंद पुन्हा पुन्हा येते: ‘कर्म असलेली वाक्यं.’ मराठीत ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’ म्हटल्याशिवाय जाता येत नाही. पण ‘मी जेवण केलं’, ‘मी पाहिलं’, ‘मला वाटलं’ यात बोलणाऱ्याचं लिंग कळत नाही. ‘मी जाईन’ यातही नाही. ‘आम्ही गेलो’ तर दोघांनाही चालतं. किरण हे सगळं कसोशीने वापरायचे. ते बसने कधी ‘आले’ नाहीत, त्यांनी ‘बस पकडली’. ते कधी ‘रडले’ नाहीत, ‘डोळ्यांना पाणी आलं’. ‘झोपलो’ला पर्याय सापडला नाही तेव्हा ‘झोप लागली’. एवढं जपून बोलताना माणूस दमतो, आणि भावनेचं वाक्य आलं की अडतो, कारण मराठीत बसणं, उठणं, घाबरणं, चिडणं, रडणं ही सगळी क्रियापदं लिंग विचारतात.

हे लक्षात आल्यावर काय करायचं? लगेच दाखवून दिलं तर किरण यांचा एकुलता आडोसा हिसकावल्यासारखं झालं असतं. ‘तुमच्यासाठी कोणतं क्रियापद वापरू?’ असं फॉर्मवरच्या प्रश्नासारखं विचारलं तर उत्तर द्यायची सक्ती झाली असती. उपचारकांनी आधी स्वतःची भाषा सांभाळली. ‘तुम्ही’ यात बरीच सोय आहे. ‘तू आलास’ की ‘तू आलीस’ हे ठरवावं लागतं, ‘तुम्ही आलात’ म्हणताना लागत नाही. पण ती सोय पूर्ण नाही, आणि नेमकी तिथेच चूक झाली.

३१ व्या सत्रात, वडिलांच्या आजारपणाबद्दल बोलणं चालू असताना, उपचारक म्हणाल्या, ‘तेव्हा तुम्ही फार एकट्या पडल्या होतात.’ किरण गप्प झाले. अकरा मिनिटं काहीच बोलले नाहीत. पुढची दोन सत्रं आले नाहीत.

सुपरव्हिजनमध्ये तीन मार्ग चर्चेला आले. मौनाचा अर्थ सांगायचा, म्हणजे ‘तुम्हाला माझ्यात आई दिसली का?’ असं विचारायचं. मनापासून भरपूर माफी मागायची. किंवा चूक सरळ कबूल करून थांबायचं. पहिला मार्ग शास्त्रशुद्ध वाटतो, पण त्यात उपचारकाची चूक रुग्णाच्या ट्रान्सफरन्सच्या, म्हणजे जुन्या नात्यांतल्या भावना उपचारकावर येण्याच्या, खात्यावर टाकली जाते. दुसऱ्यात रुग्णालाच उपचारकाची समजूत घालावी लागते. ‘जाऊ द्या मॅडम, होतं असं’ म्हणत राहण्याचा किरण यांना घरी पुरेसा सराव होता. उपचारकांनी तिसरा घेतला. किरण परत आले तेव्हा पहिलं वाक्य असं होतं: ‘त्या दिवशी मी “पडल्या” म्हटलं. ते चुकलं. ते माझ्याकडून झालं.’ पाच-सहा मिनिटांनी किरण म्हणाले, ‘मला राग नाही आला. मला वाटलं, तुम्हालाही शेवटी तेच दिसतं.’ त्यानंतरच, त्याच सत्रात, ‘तुम्हालाही’ या शब्दावर काम सुरू झालं. क्रम महत्त्वाचा आहे: आधी कबुली, मग अर्थ. उलटा क्रम लागला असता तर किरण परत आले नसते, असं आमचं मत आहे.

श्वास

बसमधलं श्वास अडकणं उपचारकांनी अकरा आठवडे चिंतेचा झटका म्हणूनच ऐकलं. बंद जागा, गर्दी, बायकांच्या राखीव जागेवर बसायचं की नाही हा पेच, वडिलांचा शेवटच्या दिवसांतला दमा: जोडायला धागे भरपूर होते आणि ते जोडलेही गेले. बाराव्या आठवड्यात किरण यांनी कूस बदलताना बरगडी धरली. उपचारकांनी विचारलं तेव्हा कळलं की छाती सपाट दिसावी म्हणून ते लवचीक क्रेप बँडेज गुंडाळत होते, सकाळी साडेपाचपासून रात्री आठपर्यंत, जवळजवळ साडेचौदा तास.

क्रेप बँडेज जखमी घोट्यासाठी असतं. श्वास सोडला की ते आवळतं आणि पुढच्या श्वासाला परत सैल होत नाही, त्यामुळे दर तासाला पकड घट्ट होत जाते. बरगड्या दुखतात, श्वास उथळ होतो, आणि गोव्याच्या दमट हवेत कातडी सोलवटते. छाती बांधायचीच असेल तर त्यासाठी शिवलेला बाइंडर योग्य मापाचा घ्यावा, दिवसात आठ तासांच्या आत ठेवावा, झोपताना आणि अंगमेहनतीच्या वेळी काढावा, आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी द्यावी. दुखलं किंवा धाप लागली की लगेच सोडावा. किरण यांना डॉक्टरांकडे पाठवलं. बरगडी मोडलेली नव्हती. मापाचा बाइंडर आला, कामावर फक्त लॅबच्या तासांत वापरायचा ठरला, बसमध्ये सैल शर्ट आणि पुढे धरलेली सॅक. महिन्याभरात बसमधले झटके आठवड्यातून तीन-चारवरून महिन्यातून एकावर आले.

उरलेला तो एक झटका मात्र खरोखर बापाच्या दम्याशी जोडलेला होता. म्हणजे अर्थ लावणं चुकीचं नव्हतं, अंगाची चौकशी न करता लावणं चुकीचं होतं.

चवथीची सुट्टी

२०२२ ची चवथ (गणेशचतुर्थी) ३१ ऑगस्टला होती आणि उपचारकांनी दोन आठवड्यांची सुट्टी घेतली. काम सुरू होऊन जेमतेम अडीच महिने झाले होते. गोव्यात चवथीला घर भरतं, आणि घर भरलं की कामं वाटली जातात. गणपती आणायचा, माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट) बांधायची ती पुरुषांनी. नेवऱ्या, पातोळ्या, पंचखाद्य बायकांनी, आणि रात्री फुगडी. किरण यांना साडी नेसायला लावली, फुगडीत ओढलं. दुसऱ्या रात्री त्यांनी दंडावर इजा केली. ती नेहमीपेक्षा खोल होती.

सुट्टीची कल्पना दिली होती, पण ‘या काळात काय कराल?’ एवढंच तोंडी बोलणं झालं होतं. ते अपुरं होतं. परतल्यावर कागदावर योजना लिहिली गेली, किरण यांच्याच शब्दांत: ऊर्मी येतेय हे कशावरून कळतं (बोटं थंड पडतात), पहिल्या दहा मिनिटांत काय (अंगणात ट्रकपाशी जाणं, बर्फ हातात धरणं), मग कुणाला फोन (दोन मित्रमैत्रिणींची नावं), त्यानंतर बदली उपचारकांचा नंबर, आणि रात्री अपरात्री बांबोळीचं आयपीएचबी हे सरकारी मनोरुग्णालय. ऑक्टोबर २०२२ मध्ये टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्याची मदतवाहिनी सुरू झाल्यावर १४४१६ हा नंबरही त्यात आला. ब्लेड घरात कुठे असतं हेही विचारलं, आणि ते आजीच्या पेटीत हलवलं गेलं.

२०२३ च्या चवथीला भाऊ बोटीवर होता. आजीने विचारलं, माटोळी कोण बांधणार? आणि किरण यांच्याकडे पाहिलं. नारळाची पेंड, सुपारीचे घोस, चिबूड, आंब्याचे टाळे, सगळं किरण यांनी शिडीवर चढून बांधलं. आजीने खालून गाठी तपासल्या आणि शेजारणीला म्हणाली, ‘तें जाणा.’ त्याला येतं.

हा ‘तें’ पुढच्या सत्रात आला आणि त्या सत्रात किरण पहिल्यांदा मराठी सोडून कोकणीत बोलले. गोव्याच्या कोकणीत लहान मुलीला नपुंसकलिंगी ‘तें’ म्हणतात. मोठी झाली, लग्न झालं, की ती ‘ती’ होते. किरण १४ वर्षांचे झाल्यावर आईने ‘ती’ म्हणायला सुरुवात केली होती. आजीने कधीच बदललं नाही, आणि ते इतकी वर्षं कुणाच्या, किरण यांच्याही, ध्यानात आलं नव्हतं. उपचारक त्या दिवशी कोकणीतच उत्तरल्या. घरची भाषा खोलीत आली तर तिला परक्या भाषेत उत्तर देऊ नये, एवढा साधा विचार त्यामागे होता.

बापाचा ट्रक

दहाव्या महिन्यापासून ट्रक जवळजवळ प्रत्येक सत्रात होता. केबिनचा डिझेलचा वास, तापलेलं रेक्झिन, आरशाला बांधलेली लिंबू-मिरची, ‘हा माझा क्लीनर’. मग २०१२: ट्रक उभा, वडील पायरीवर बसून, त्याच वर्षी पहिली पाळी, आणि आईने हाताला धरून स्वयंपाकघरात नेणं. एकाच पावसाळ्यात केबिन गेली, वडिलांची ऐट गेली आणि ‘तें’ गेलं.

इथे उपचारकांच्या मनात एक जोडणी तयार झाली, आणि ती फार देखणी होती: किरण यांचं नॉन-बायनरी असणं म्हणजे केबिनमध्ये राहायचा हट्ट, न झालेला शोक. शोक पूर्ण झाला की... सुपरव्हिजनमध्ये वाक्य इथवर आलं आणि सुपरव्हायजरनी थांबवलं. ‘शोक पूर्ण झाला की काय? तुम्ही कशाची वाट पाहताय?’

त्या चर्चेतून जे निघालं ते या प्रकरणाचा गाभा आहे. प्रत्येकाच्या लिंगभावाला इतिहास असतो. बाई स्वतःला बाई म्हणवते त्यामागेही आईचा पदर, मामाचं बोलणं, शाळेची रिबन असते. तिचा इतिहास सापडला म्हणून कुणी तिला ‘म्हणजे तू खरी बाई नाहीस’ म्हणत नाही. मग किरण यांचाच इतिहास पुरावा म्हणून का वापरायचा? एखाद्या गोष्टीला अर्थ आहे म्हणजे ती लक्षण आहे, असं होत नाही. आणि भारतातल्या मनोविश्लेषणाने हा प्रश्न सुरुवातीपासून जरा मोकळेपणाने पाहिला होता: १९२२ मध्ये कलकत्त्यात इंडियन सायकोअॅनालिटिकल सोसायटी स्थापणाऱ्या गिरींद्रशेखर बोस यांनी फ्रॉइडना कळवलं होतं की बाई होण्याची इच्छा त्यांच्या भारतीय पुरुष रुग्णांमध्ये युरोपियनांपेक्षा सहज वर येते.

काउंटरट्रान्सफरन्सकडेही, म्हणजे रुग्णाबद्दल उपचारकाच्या मनात उठणाऱ्या भावनांकडेही, पाहावं लागलं. उपचारकांना ती जोडणी हवीशी का वाटली? कारण तिच्यामुळे काम ‘पूर्ण’ झालं असतं. घरच्यांच्या ‘बरी होईल ना?’ या प्रश्नाला उत्तर मिळालं असतं. न ठरलेल्या गोष्टीबरोबर आठवड्यातून दोनदा बसणं उपचारकालाही जड जातं.

ती जोडणी कधी बोलली गेली नाही. त्याऐवजी वडिलांचा शोक वडिलांचा म्हणूनच ऐकला गेला. साधारण चार महिने किरण यांनी ट्रकवर राग काढला, वडिलांवर काढला, बँकेवर काढला. मे २०२३ मध्ये ट्रक भंगारात विकायचं ठरलं तेव्हा किरण यांनी आरसा काढून घेतला. शोक झाला. किरण नॉन-बायनरीच राहिले. झोप मात्र सहा तासांवर आली.

पत्राची मागणी

चौदाव्या महिन्यात किरण यांनी छाती सपाट करण्याच्या शस्त्रक्रियेसाठी लागणारं मूल्यमापनाचं पत्र मागितलं, आणि ट्रान्सजेंडर ओळखपत्राबद्दलही विचारलं.

ओळखपत्राचं उत्तर सोपं होतं. ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा २०१९ च्या व्याख्येत स्त्री-पुरुष चौकटीबाहेरच्या, जेंडरक्विअर व्यक्तीही होत्या. २०२० च्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे राष्ट्रीय पोर्टलवरून प्रतिज्ञापत्रासह अर्ज करायचा होता आणि वैद्यकीय तपासणीची अट नव्हती. म्हणजे उपचारकांच्या पत्राची तिथे गरजच नव्हती. हे लगेच सांगितलं गेलं. रुग्ण कधी कधी नको असलेल्या पत्रासाठी महिनोन्महिने ‘चांगलं’ वागत बसतो, तो त्रास तरी वाचतो. किरण यांनी अर्ज तूर्त न करायचं ठरवलं, कारण कार्डावर येणारा शब्द त्यांना आपला वाटत नव्हता.

शस्त्रक्रियेच्या पत्राचं अवघड होतं. उपचारकांनी स्वतः पत्र देणं स्वस्त आणि झटपट झालं असतं. वर्षभराहून जास्त ओळख होती. पण मग खोली परीक्षेची खोली झाली असती, आणि शंका, स्वप्नं, ‘आज मला साडी आवडली’ असली वाक्यं किरण यांनी गिळली असती. नकार देऊन बाजूला होणं म्हणजे रस्ता अडवणं. म्हणून मूल्यमापन दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञांकडे सोपवायचं ठरलं, आणि उपचार इथे तसाच चालू ठेवायचा.

निर्णय बरोबर होता, अंमलबजावणी कच्ची होती. उपचारकांनी फक्त नाव आणि पत्ता दिला. त्या तज्ज्ञांनी किरण यांना विचारलं, ‘पूर्ण पुरुष व्हायचंय का? नसेल तर शस्त्रक्रिया कशाला?’ आणि वर्षभर पुरुष म्हणून राहून या, असं सांगितलं. ट्रान्सजेंडर आरोग्याच्या आंतरराष्ट्रीय व्यावसायिक संघटनेच्या उपचार-निकषांच्या सप्टेंबर २०२२ च्या आठव्या आवृत्तीत नॉन-बायनरी व्यक्तींसाठी स्वतंत्र प्रकरण आहे, शस्त्रक्रियेसाठी एकाच मूल्यमापन-पत्राची शिफारस आहे, आणि ‘पूर्ण पुरुष’ अशी अट नाही. हे आधी फोनवर बोलून ठरवता आलं असतं. दुसरे तज्ज्ञ शोधून, किरण यांच्या संमतीने आधी बोलून, पत्र मिळेपर्यंत चार महिने गेले. त्या चार महिन्यांत पीएचक्यू-९ पुन्हा १४ वर गेला.

आई

आईच्या सहा भेटींपैकी पहिल्या तीन रडण्यात गेल्या. समुपदेशकांनी तिला काही शिकवलं नाही. चौथ्या भेटीत तिने विचारलं, ‘लोकांना काय सांगू?’ आणि त्यावर दोघींनी मिळून एक वाक्य तयार केलं: ‘आमचं किरण असंच आहे, कामाला आहे, बरं आहे.’ वाक्यात नपुंसकलिंग आलंय हे आईच्या लक्षात आलं नाही, कुणी दाखवूनही दिलं नाही. साडीचा आग्रह २०२३ पासून थांबला. लग्नाचा विषय अजून निघतो.

निष्पत्ती

ऑक्टोबर २०२४ मध्ये, तीन महिन्यांची पूर्वसूचना ठेवून, काम संपलं. पीएचक्यू-९ सात. स्वतःला इजा शेवटची जानेवारी २०२४ मध्ये, पत्राच्या चार महिन्यांत. औषध त्याआधीच बंद झालं होतं. कंपनीत किरण यांनी स्वतः अर्ज केला आणि पाहुण्यांसाठी असलेली एक छोटी चेंज रूम त्यांना वापरायला मिळाली; ती ऑडिटच्या दिवसांत बंद असते, तेव्हा जुनाच त्रास. उपचारकांनी कंपनीला काही लिहिलं नाही, मजकूर मात्र सत्रात दोनदा वाचला गेला. चहा पुन्हा सुरू झाला. शस्त्रक्रियेचं पत्र फायलीत आहे. निर्णय झालेला नाही आणि किरण यांना त्याची घाई नाही.

शेवटच्या तिमाहीत किरण म्हणाले, ‘मला आता “तू” म्हणा ना.’ उपचारकांनी विचारलं, ‘मग आलास म्हणू, की आलीस?’ किरण हसले. ‘आज आलास. सोमवारचं सोमवारी सांगेन.’ आणि त्यांनी दर वेळी, दारातच, सांगितलं.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या दोन भेटींतच अंगाबद्दल सरळ विचारायला हवं होतं: छाती बांधता का, कशाने, किती तास, पाणी किती पिता, शौचालय कोणतं वापरता. मनोविश्लेषक हे विचारायला संकोचतात, ‘रुग्ण आपणहून आणेल’ म्हणतात. अकरा आठवडे एका माणसाला श्वास पुरत नव्हता.

सुट्टी घ्यायचीच होती तर चवथीच्या आठवड्यात पहिल्या वर्षी नको होती, किंवा लेखी योजना आधी हवी होती. गोव्यात चवथ, शिगमो (होळीच्या वेळचा सण) आणि लग्नसराई ही तीन गर्दीची वळणं पहिल्याच भेटीत कॅलेंडरवर मांडून घ्यावीत.

स्वागतकक्षातली मुलगी सव्वादोन वर्षं किरण यांना ‘ताई’ म्हणत होती, हे शेवटच्या महिन्यात कळलं. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. किरण यांनीही तक्रार केली नव्हती, ते फक्त वेळेच्या दोन मिनिटं आधी यायचे, म्हणजे तिथे बसावं लागू नये. त्या दोन मिनिटांचा अर्थ १८० हून अधिक सत्रांत कुणी विचारला नाही.

मूल्यमापनासाठी पाठवताना समोरच्या तज्ज्ञांशी आधी बोलणं, आणि त्यांनी नॉन-बायनरी व्यक्तींबरोबर काम केलं आहे का हे थेट विचारणं, हे आता त्या दवाखान्यात नाव देण्याआधी केलं जातं. नोंदणीच्या कागदावर ‘लिंग’ या रकान्याजागी कोरी ओळ आहे, आणि तिच्याखाली एक प्रश्न: ‘बाहेर बसलेलं असताना तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारू?’